व्हिडिओ म्हणजे गायकाचा बदली

अगं,

तुझ्या म्युझिक व्हिडिओची स्क्रिप्ट वाचली, रफ कट म्हणजे कच्चा जोडलेला व्हिडिओही बघितला. दोनदा बघितला, त्यात एकदा आवाज पूर्ण बंद करून. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर तू हो काका, हो काका म्हणतीस आणि शेवटी करायचं तेच करतीस, म्हणून निवांत बसून लिहूलालोय.

चार मिनिटं दहा सेकंदांच्या व्हिडिओत तुझा गायक पहिल्यांदा कधी दिसतो? १ मिनिट ५२ सेकंदाला, तेही पाठमोरा, स्टेशनच्या जिन्यावर. त्याच्या आधी ड्रोन, आपल्या सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव, परत ड्रोन, मग आईबापाचं भांडण, चाळीस सेकंद नुसता डायलॉग, आणि गाणं बिचारं त्या डायलॉगच्या खाली दबून कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही.

माझे वडील मिलमध्ये बदली होते. तुझ्या घरी माग आहेत पण बदली म्हणजे काय हे तुलाही माहीत नसेल. सकाळी भोंग्याला गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगार कुणी आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं, नाहीतर डबा घेऊन तसंच परत. म्युझिक व्हिडिओ हा गायकाचा बदली आहे. गायक स्वतः जिथं पोचू शकत नाही तिथं त्याच्या जागी जाऊन उभं राहणं, हे त्याचं मूळ काम, बाकी कला वगैरे सगळं त्याच्यानंतर. क्वीन नावाचा इंग्लंडचा बँड होता, त्यांचं १९७५ चं बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, त्यात आवाजावर आवाज चढवून केलेला कोरस, टीव्हीच्या स्टुडिओत उभं राहून त्यावर नुसते ओठ हलवले असते तर हसं झालं असतं, शिवाय दौरा तोंडावर आलेला, मग त्यांनी व्हिडिओ शूट करून बीबीसीच्या कार्यक्रमाला तोच दिला. बदली पाठवला की सरळ. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं ते तर अख्खं चॅनेलच बदली लोकांवर चाललं, रेकॉर्ड कंपन्या आपल्या गाण्याची जाहिरात म्हणून व्हिडिओ द्यायच्या आणि चॅनेल दिवसरात्र ते लावायचं.

आपल्याकडं घोटाळा असा झाला की आपण टीव्हीवर चित्रहार, म्हणजे सिनेमातल्या गाण्यांचा कार्यक्रम, बघत मोठी झालेली माणसं. गाणं दिसतं म्हणजे ते सिनेमातलंच, असं डोक्यात बसलेलं. पण सिनेमातल्या गाण्याला आधीची दीड तास गोष्ट असते, हिरो कोण, त्याचं काय दुखतंय, ते आपल्याला ठाऊक असतं. अल्बमच्या गाण्याला मागे काहीच नसतं गं, बघणाऱ्याला तो पोरगा कोण हेच माहीत नसतं. १९९५ ला अलिशा चिनॉयचं मेड इन इंडिया आलं तेव्हा बघ, त्यात मिलिंद सोमण पेटीतून बाहेर येतो ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण अलिशाचा चेहरा, तिचे कपडे, तिचा थाट आधी ठसवला होता. क्लोजअप एवढे का असतात याचं उत्तर तेच. तुला वाटतं सगळे करतात म्हणून करायचं. तसं नाही, उद्या तो पोरगा पार्क चौकात चहा प्यायला उभा राहिला तर चार जणांनी कोपरानं एकमेकांना ढोसून 'हा तोच न बे' म्हणायला पाहिजे, त्यासाठी क्लोजअप.

तू म्हणशील मायकेल जॅक्सनच्या थ्रिलरच्या व्हिडिओत तर गोष्ट आहे, डायलॉग आहेत, जवळजवळ चौदा मिनिटांचा आहे. आहे की. पण तो १९८३ च्या डिसेंबरात आला, अल्बम येऊन तेव्हा वर्ष झालेलं आणि मायकेल जॅक्सन कोण हे सांगायची गरज उरली नव्हती. तुझ्या गायकाला ओळखणारी माणसं म्हणजे त्याची गल्ली आणि कॉलेजची एक बॅच.

आता दुसरी गोष्ट, ही मला जास्त खटकली. गाण्यात 'माग थांबला' आलं की तू थांबलेला माग दाखवतीस, 'गाडी सुटली' आलं की रेल्वे, 'डोळ्यात पाणी' आलं की ग्लिसरीन. तिसरीच्या पुस्तकातल्या चित्रांसारखं झालंय. मीही हेच केलेलं म्हणून तुला बोलतोय. व्हीसीडीचा जमाना होता, पंढरपूरला एक भक्तिगीत शूट केलं, दिवा म्हटलं की दिवा, नदी म्हटलं की चंद्रभागा, तुळस म्हटलं की तुळस, बाया-बापड्या, टाळ, पताका, सगळं. एडिट बघून गायकबुवा हळूच म्हणाले, सगळं आलं, मी तेवढा राहिलो.

शब्दानं जे सांगून टाकलंय ते चित्रानं परत सांगितलं की दोन्ही बारीक होतात. चित्रानं दुसरं काहीतरी आणायचं, किंवा सरळ उलटं जायचं. शब्द म्हणतोय माग थांबला, तर तू चालू माग दाखव. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, खटाखट, गाण्यातला पोरगा पुण्याला निघून गेला तरी घरचा माग चालूच आहे, कारण तो थांबला तर खायचं काय. बघ, दुखणं दुप्पट झालं का नाही? आणि हे शब्दावर नाही, ठेक्यावर काप. तुझं गाणं १०० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांचं आहे, सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एका ठोक्याला बरोबर १५ फ्रेम येतात, इतका सोपा हिशोब नशिबानं मिळतो. पण प्रत्येक ठोक्याला कट मारू नको, डोकं उठतं. कडव्यात लांब शॉट राहू दे, धृपदाला कट वाढव, म्हणजे धृपद आलंय हे बहिऱ्यालाही कळेल.

आता परत शूट करशील तेव्हाचं सांगतो, यात तू अजून कच्ची आहेस. फायनल मास्टर, म्हणजे गाण्याचं शेवटचं पक्कं रेकॉर्डिंग, हातात आल्याशिवाय शूटिंगला प्लेबॅक लावायचा नाही. एकदा मी घाईत कच्च्या मिक्सवर दोन दिवस शूट केलं आणि नंतर संगीतवाल्यानं गाणं ९२ वरनं ९६ वर नेलं, त्याला वाटलं जरा उठाव येईल. उठाव आला पण माझ्या एकाही क्लोजअपमध्ये ओठ जुळेनात, शेवटी पाठमोरे शॉट आणि फुलं लावून वेळ मारून नेली. स्पीकर कॅमेऱ्यापाशी नाही, गायकापाशी ठेव. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तू तलावाच्या काठावर ३४ मीटर लांब कॅमेरा लावलास तर कॅमेऱ्यात आवाज अडीच फ्रेम उशिरा पडतो, सॉफ्टवेअर त्या आवाजावरनं चित्र आणि गाणं जुळवतं आणि ओठ चुकतात, ते हातानं सरकवायचं. आणि पोराला ओठ हलवू देऊ नको, खरंच गायला लाव, मोठ्यानं. गळ्याच्या शिरा, मध्येच घेतलेला श्वास, हे नुसत्या ओठांनी येत नाही. लाजत असेल तर बाकीच्यांना चहाला पाठव. आधी पूर्ण गाणं एका दमात लांबून घे, मग परत पूर्ण मधून, मग परत पूर्ण जवळून. एकेक ओळ तुकड्यानं घेतलीस तर एडिटला बसल्यावर माझी आठवण येईल.

स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचा असेल तर ५० फ्रेमवर शूट कर आणि गाणं दुप्पट वेगानं वाजव. पोरगा त्या वेगानं गाईल, तू २५ वर आणलंस की अंग संथ आणि ओठ बरोबर. भरभर गाणं सोपं नाही, घरी चार दिवस घोटून ये म्हणावं. मागाच्या खोलीत ट्यूबलाइट आहेत, तिथं शटर १/५० किंवा १/१०० वर ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर पट्टे पळतात.

ती मॉडेल कोण आहे? स्क्रिप्टमध्ये तिला नाव नाही, काम नाही, तीन वेळा मागं वळून बघती आणि एकदा केस उडवती. रॅपला गाडी आणि मागं दहा पोरं हात हलवत, प्रेमाच्या गाण्याला पाऊस, भक्तीला समई, या खुणा मला चालतात, बघणाऱ्याला आवाज नसतानाही पाच सेकंदांत कळतं की गाणं कसलं आहे. पण ही नुसती बघायला ठेवलेली मुलगी पण तसलीच खूण झालीय आणि ती तू लिहिलीस याचं मला नवल वाटलं. तुमच्या घरी धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या कोण भरतं? आईच ना? मग केस उडवणारीच्या जागी कांड्या भरणारी बहीण का नको, गाण्यात ती कुठंच नाही म्हणूनच पाहिजे.

बाकी किरकोळ. आता बदली चॅनेलवर नाही, मोबाइलवर उभा राहतो, तेव्हा चेहरा मधोमध ठेव म्हणजे उभ्या रीलला कापता येईल. ड्रोन काढून टाक. किल्ल्यात जायचं तर परवानगी आधी, वॉचमनशी हुज्जत घालण्यात सकाळचा उजेड जातो आणि आपल्याकडं मे महिन्यात नऊनंतरचा उजेड चेहऱ्यावर घेण्याच्या लायकीचा नसतो. गाण्यामागचं संगीत, तो बीट, नेटवरून उचललाय असं ऐकलं, 'फ्री' लिहिलेलं असलं तरी पैसे कमवायला चालतो का ते वाच आणि ज्यानं बनवलाय त्याच्याकडून लेखी घे.

रविवारी चारनंतर ये, त्याआधी मी झोपलेला असतो. गाणं एमपीथ्री नको, वेव्ह फाइल आण. आणि येताना घरचा माग मिनिटाला किती ठोके घेतो ते घड्याळ लावून मोजून ये, शंभरच्या आसपास निघाला तर सुरुवातीला तबला-ढोलकी काही नको, नुसता माग वाजेल आणि त्याच्यावर पोराचा चेहरा.

तुझा,
काका

ता. क. येताना शेंगाची चटणी आण, मागची संपली.