काचेतले अणू आणि कॉम्प्युटरची मेमरी : वाचकांचे प्रश्न

फेज-चेंज मेमरीत 0 आणि 1 हे अणूंच्या मांडणीत लिहिलेले असतात. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा 2:2:5 प्रमाणातला मिश्रधातू (संक्षेपात जीएसटी) स्फटिकरूपात वीज सहज वाहू देतो. तोच काचरूपात (म्हणजे अणू विस्कळीत अवस्थेत गोठलेले) असला की त्याचा रोध हजारपट किंवा त्याहून जास्त असतो. अशा काचांचा रोध विजेने उलटसुलट बदलता येतो (स्विचिंग), हे अमेरिकी संशोधक स्टॅनफर्ड ऑव्हशिन्स्की यांनी 1968मध्ये प्रसिद्ध केले. पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतही याच कुळातले पदार्थ असत. या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेत आहोत.

प्रश्न : काच म्हणजे घन पदार्थ. मग तिच्यातले अणू हलतात कसे? जुन्या खिडक्यांची काच खाली ओघळते, तसे काही होते का?

खिडकीची काच ओघळत नाही. जुन्या तावदानांची एक बाजू जाड दिसते ती ती बनवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. मेमरीत अणू हलतात ते आपण तापवतो म्हणून. काच करायची असेल, तर दहा-वीस ते पन्नासेक नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश) विजेचा जोरदार झटका, म्हणजे पल्स, देऊन हीटरलगतचा (तापवणाऱ्या बारीक अग्राजवळचा) भाग 600 अंश सेल्सिअसच्या वर नेतात, म्हणजे तो वितळतो. मग प्रवाह काही नॅनोसेकंदांत तोडतात. अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही आणि ते जिथल्या तिथे गोठतात. स्फटिक करायचा असेल, तर कमी प्रवाहाचा, शंभर नॅनोसेकंदांच्या आसपासचा किंवा त्याहून लांब पल्स लागतो.

इथे नवख्यांची एक चूक हमखास होते. पल्सची उंची ते बरोबर ठेवतात, पण उतरती कड (पल्स संपतानाचा उतार) संथ असते. मग वितळलेला भाग थंड होता होता पुन्हा स्फटिक होतो आणि ‘काच होतच नाही’ अशी तक्रार येते. ऑसिलोस्कोपवर आधी ती कड पाहा.

प्रश्न : जे अणू नॅनोसेकंदांत जागा बदलतात, तेच दहा वर्षे स्वस्थ कसे बसतात? (पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी)

या विषयाचा गाभा तुम्ही नेमका पकडलात. 10 नॅनोसेकंद आणि 10 वर्षे यांचे गुणोत्तर काढा : एकावर सोळा शून्ये, तेही तीनपट. एका पदार्थाकडून आपण हे दोन्ही मागतो.

चिक्कीचा पाक आठवा. कढईतून तो सहज ओतता येतो, पण थोडा निवला की एकदम कडक होतो. वितळलेल्या जीएसटीचा दाटपणाही असाच, थंड होताना फार झपाट्याने वाढतो. वाळूच्या काचेचे तसे नसते, ती हळूहळू घट्ट होत जाते. त्यामुळे जीएसटीत सुमारे 400 अंशांना स्फटिकाची वाढ सेकंदाला 3 मीटरपर्यंत पोचते, म्हणजे नॅनोसेकंदाला 3 नॅनोमीटर. 30 नॅनोमीटरचा काचेचा ठिपका 10 नॅनोसेकंदांत भरून निघतो. खोलीच्या तापमानाला मात्र तीच वाढ जवळजवळ थांबते.

दुसरे कारण रचनेत आहे. या काचेतही चार-चार अणूंची चौकोनी कडी पुष्कळ सापडतात, आणि स्फटिक अशाच चौकोनांचा बनलेला असतो. शिवाय तो मिठासारखा रचलेला असून त्याच्या जर्मेनियम-अँटिमनीच्या जागांपैकी 20 टक्के रिकाम्या असतात. त्यामुळे अणूंना फार दूर जावे लागत नाही.

टिकण्याचा हिशेब घरीही करता येतो. स्फटिक होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा 2.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) धरला, तर 85 अंशांना 10 वर्षे टिकणारी नोंद 125 अंशांना जेमतेम एक दिवस टिकते. चाळीस अंशांत साडेतीन हजारपट फरक!

प्रश्न : प्रयोगशाळेत आमच्या सेलचा (मेमरीतल्या एका नोंदीच्या घराचा) काचरूपातला रोध रोज थोडा वाढलेला दिसतो. मीटर खराब आहे का?

बहुधा नाही. पटकन गोठवलेल्या काचेतले अणू अवघडून बसलेले असतात. काही बंध ताणलेले, काही चुकीच्या जोडीदाराशी. खोलीच्या तापमानालाही ते किंचित सरकून सैलावतात, आणि त्याबरोबर रोध चढतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. रोध काळाच्या एका घातांकाने वाढतो. जीएसटीच्या काचेत तो घातांक सुमारे 0.1 असतो. म्हणजे काळ दहापट झाला की रोध 26 टक्के वाढणार, आणि पहिल्या सेकंदापासून वर्षभरात साडेपाचपट होणार.

खात्री अशी करा. मोजमापाच्या वेळा 1, 10, 100, 1000 सेकंद अशा घ्या आणि दोन्ही अक्ष लॉगवर ठेवा. सरळ रेषा आली तर ड्रिफ्ट. तोच सेल स्फटिकरूपात मोजा. तिथे चढ जवळजवळ नसावा, असेल तर जोडणी तपासा. वाचनाचा व्होल्टेज 0.1 ते 0.2 व्होल्टच ठेवा. आणि तापमान बांधून ठेवा, कारण या काचेचा रोध अंशामागे 3 ते 5 टक्के घटतो. दुपारी खोली पाच अंशांनी तापली, तर काळाच्या एका दहापटीचा ड्रिफ्ट त्यात झाकला जातो. आमच्या मते घोळ होतो तो इथेच.

सेलमध्ये फक्त 0 आणि 1 ठेवायचे असतील तर ड्रिफ्ट निरुपद्रवी आहे, दोन्हींतले अंतर उलट वाढते. एका सेलमध्ये चार पातळ्या ठेवायच्या असतील, तर मधल्या पातळ्या वर सरकून शेजारणीत मिसळतात.

प्रश्न : कोट्यवधी वेळा लिहिल्यावर सेल कायमचा बंद का पडतो?

दोन कारणे. स्फटिक होताना पदार्थ सुमारे 6 टक्के आकुंचन पावतो, आणि दर फेरीत थोडी पोकळी साचते. शिवाय वितळलेल्या अवस्थेत विद्युतक्षेत्र अणूंना ओढते : टेल्युरियम धन अग्राकडे, अँटिमनी ऋण अग्राकडे. हीटरवर पोकळी आली की प्रवाह तुटतो. उलट्या दिशेचा पल्स देऊन असे काही सेल पुन्हा चालू करता येतात, कारण अणू परत ढकलले जातात.

प्रश्न : चिपमध्ये आधी प्रोग्रॅम भरून मग सोल्डरिंग केले तर चालेल?

साध्या जीएसटीच्या चिपला चालणार नाही. तो 150 अंशांच्या आसपास स्फटिक होऊ लागतो आणि शिसेविरहित सोल्डरिंगची भट्टी 260 अंशांपर्यंत जाते. त्यात सगळी नोंद पुसली जाईल. गाड्यांच्या मायक्रोकंट्रोलरसाठी (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या चिपसाठी) म्हणूनच जास्त जर्मेनियम घातलेला मिश्रधातू वापरतात. त्यात स्फटिक होण्याआधी जादा जर्मेनियमला वेगळे व्हावे लागते, आणि ही वाट लांबची असल्याने भट्टीतही काच टिकते. त्याबदल्यात स्फटिक लिहायला वेळ जास्त लागतो.