जावा १७ वर गेल्यावर इम्पोर्ट केलेल्या यील्ड() ला एरर का येते?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: थ्रेड क्लासमधून स्टॅटिक इम्पोर्ट केलेलं (म्हणजे क्लासचं नाव न लावता वापरलेलं) यील्ड() जावा ८ वर नीट चालत होतं, जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १७ टाकल्यावर थेट एरर आली, आधी वॉर्निंग का नाही?

वॉर्निंग होती, पण जावा १३ मध्ये. स्विच एक्स्प्रेशनमधून किंमत बाहेर द्यायला १२ मध्ये ब्रेक वापरून पाहिला, १३ मध्ये त्याजागी यील्ड आणलं आणि मार्च २०२० ला १४ मध्ये ते पक्कं झालं. आता 'यील्ड (क्ष);' ही किंमत देणं की मेथड बोलावणं? नुसतं लिहिलेलं यील्ड मेथड धरायचंच नाही, असं भाषेने ठरवलं. १३ चा कंपायलर तसं बजावतही होता. पण आमच्या नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे आयटी पट्ट्यात, बँकांच्या कामात तर विशेषच, १३ टाकतो कोण? सगळे ८ वरून ११ किंवा १७. कळव्याच्या फलाटावर घोषणा होते आणि आपण तिथे न थांबता ठाण्याहून डोंबिवलीला जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये.

दुरुस्ती सोपी: थ्रेड.यील्ड() लिहा, स्टॅटिक इम्पोर्ट काढा. तुमच्याच क्लासची मेथड असेल तर धिस.यील्ड(). मेथडचं नाव बदलायची गरज नाही.

मोठा प्रोजेक्ट असेल तर एकदम उडी मारू नका. जेडीके १७ टाका, पण कंपायलरचा रिलीज पर्याय ८ वरच ठेवा. मग याच ओळींवर एररऐवजी वॉर्निंग येते आणि बिल्ड पडत नाही. जावासी (जावाचा कंपायलर) मुळात पहिल्या १०० वॉर्निंगच छापतो. जुन्या कोडमध्ये तेवढ्या इतर वॉर्निंगच निघू शकतात, म्हणून एक्समॅक्सवॉर्न्स हा पर्याय वाढवून घ्या. सगळं साफ झालं की रिलीज १७ करा.

तेव्हाच रेकॉर्डही तपासा. तुमच्या पॅकेजमध्ये रेकॉर्ड नावाचा क्लास असेल आणि दुसरीकडे तो स्टार लावून इम्पोर्ट केला असेल, तर तो जावा.लँगमधल्या नव्या रेकॉर्डशी भिडतो. तिथे क्लासचं पूर्ण नाव देऊन इम्पोर्ट करा.

बाकी ते यील्ड() वाट बघत फिरणाऱ्या व्हाइल लूपमध्ये असेल, तर इम्पोर्टपेक्षा तो लूपच आधी बघा. यील्ड() म्हणजे कोणता थ्रेड कधी चालवायचा हे ठरवणाऱ्या शेड्युलरला 'दुसऱ्याला वाव दे' अशी निव्वळ सूचना असते, तो ती सरळ दुर्लक्षू शकतो.