एकाच बाजारभावावर टांगलेलं सगळं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. बँकेच्या कर्जविभागात लागलीस, पेढे पोचले. मेलमधला प्रश्न मात्र घशात अडकला: ‘काका, तेल आणि बँक, दोन्ही धंदे एकाच माणसाला कसे जमले?’ जॉर्ज कैसरचं नाव तू कुठून शोधलंस कोण जाणे! अमेरिकेतल्या ओक्लाहोमाबाहेर हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

कैसरचे आई-वडील नाझी जर्मनीतून निसटून ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात आले. घरचा तेलाचा व्यवसाय होता. हार्वर्डमध्ये शिकून आलेल्या कैसरने तो 1969 मध्ये हाती घेतला आणि वाढवला. इथपर्यंत अशा गोष्टी ढिगाने सापडतात.

पण तू ‘दोन धंदे’ म्हणतेस ना, तिथेच मी थांबलो. ओक्लाहोमात ते दोन नव्हतेच. 1982 च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीतली पेन स्क्वेअर बँक बुडाली. बँक कसली, एका शॉपिंग मॉलमधलं दुकान! स्वतःची मालमत्ता जेमतेम 50 कोटी डॉलर, आणि तेलकंपन्यांना दिलेली 200 कोटींहून जास्त कर्जं तिने बड्या बँकांच्या गळ्यात मारलेली. तेलकर्जाचा प्रमुख पार्टीत बुटातून बिअर पितो अशी त्याची ख्याती होती, तरी शिकागोच्या कॉन्टिनेंटल इलिनॉय या बड्या बँकेने त्याच्याकडून 100 कोटींवर कर्जं उचलली. 1984 मध्ये तिला सरकारला वाचवावं लागलं. पुढे 1986 मध्ये तेलाच्या पिंपाचा भाव काही महिन्यांत 30 डॉलरच्या आसपासवरून 10 वर आला. कर्जदाराची मिळकत तेलावर, तारण म्हणजे जमिनीतलं तेल आणि विहिरी खणायचे रिग, गावातल्या घरांच्या किमती तेलावर, ठेवीदारांचे पगारही तेलावर. कागदावर चार वेगळ्या रकान्यांत लिहिलेलं सगळं एका खुंटीवर टांगलेलं होतं.

या पडझडीत बँक ऑफ ओक्लाहोमाही एफडीआयसीच्या, म्हणजे तिथल्या ठेवविमा महामंडळाच्या, दावणीला गेली. ती 1991 मध्ये कैसरने सुमारे 6 कोटी डॉलरना घेतली. आज तिच्या मूळ कंपनीचा, बीओके फायनान्शियलचा, ताळेबंद 5,000 कोटी डॉलरच्या घरात आहे. लोक म्हणतात, काय दूरदृष्टी! मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून कर्ज काढत होते त्या काळातून हा माणूस उभा राहून बाहेर पडला. उभा होता म्हणून घेता आलं.

आता माझं ऐक. दोन हजारच्या दशकात मी गॅसवरच्या एका वीजप्रकल्पाची अप्रेझल नोट, म्हणजे कर्ज द्यावं की नाही याची टिपणी, लिहिली होती. गॅस दहा टक्क्यांनी महागला तर काय, रुपया घसरला तर काय, प्रकल्प वर्षभर लांबला तर काय, सगळे तक्ते जोडले. डीएससीआर, म्हणजे कर्जाच्या हप्त्याच्या किती पट मिळकत हातात आहे तो आकडा, कुठेही 1.2 च्या खाली जात नव्हता. माझी पाठ थोपटली गेली. गॅसच आला नाही तर काय, हा रकाना मात्र नव्हता. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटत गेला आणि खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. टर्बाइनवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं, मी स्वतः पाहून आलो.

तेव्हा फाइल आली की कोऱ्या कागदावर आधी एवढंच लिही: हप्ता, तारण आणि प्रवर्तकाची हमी, हे तिन्ही कुठल्या एका भावावर किंवा पुरवठ्यावर अवलंबून आहेत? सल्लागाराचा अहवाल नंतर उघड.

कैसरही चुकला, बरं का. त्याच्या फाउंडेशनचा पैसा सोलिंड्रा या सौर कंपनीत होता. सिलिकॉन स्वस्त झालं, नेहमीची पॅनेलं स्वस्त झाली, आणि 53.5 कोटी डॉलरची सरकारी कर्जहमी घेतलेली ती कंपनी 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथेही एकाच भावाने घात केला.

2010 मध्ये संपत्तीचा मोठा वाटा दान करायचं जाहीर करताना त्याने लिहिलं, की माझं यश हे कर्तृत्वापेक्षा नशिबाचं देणं, आणि दानामागे बरीचशी अपराधी भावना आहे. टल्सात गरीब घरांतल्या लहानग्यांच्या शिक्षणावर तो खर्च करतो. श्रीमंतांच्या नम्रतेचा मला एरवी कंटाळा येतो. याच्यावर मात्र विश्वास बसतो, कारण बुडालेली गावं त्याने जवळून पाहिलीत.

पहिली नोट लिहिलीस की मला दाखव. कर्जदाराचं नाव आणि आकडे काढून, बरं. मी आता बाहेरचा माणूस आहे.

तुझा काका