३६,००० बीटीयू म्हणजे कितीची मोटर?

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. हजार लिटरचा सेकंडहँड बल्क कूलर बघून आलोय. पाटीवर कूलिंग कपॅसिटी ३६,००० बीटीयू पर अवर वाचता येतं, एचपीचा आकडा मात्र घासून गेलाय. मोबाईलवर कन्व्हर्ट केलं तर १४.१५ एचपी आलं, आणि विकणारा म्हणतो कॉम्प्रेसर पाचचाच आहे. थोरले बंधू म्हणतात माणूस फसवतोय, आपण वीज कंपनीकडे लोड पंधराचा मागून ठेवू. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : विकणाऱ्याचं. म्हणजे एवढ्या एका गोष्टीत, किंमतीचं तुमचं तुम्ही बघा. आणि गंमत अशी की मोबाईलही खोटं बोललेला नाही. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, उष्णतेच्या भाषेत तासाला साधारण २,५४५ बीटीयू (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं माप), त्यामुळे ३६,००० भागिले २,५४५ केलं की १४ च्या वर येणारच. पण हा भागाकार गिझरला चालतो, कारण तिथे वीज स्वतःच उष्णता होते. तुमचा कूलर उष्णता तयार करत नाही, दुधातली उचलतो आणि मागे कंडेन्सरवर नेऊन टाकतो, मोटर फक्त या ओढकामाचे पैसे घेते. तुमच्याच भागातलं सांगायचं तर गाडीत दीड टन ऊस भरला म्हणून बैलजोडी काय दीड टनाची लागत नाही.

आता किती ओढलं आणि त्यासाठी वीज किती खाल्ली याचा भागाकार म्हणजे सीओपी, दूध कूलरला तो बहुतेक वेळा अडीच ते तीनच्या मधे पडतो. तुमचे ३६,००० बीटीयू म्हणजे ३ टन रेफ्रिजरेशन (गारव्याचा एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू), किलोवॅटमध्ये १०.५५. त्याला २.८ ने भागा, ३.७७ किलोवॅट येतात, आणि ५ एचपी म्हणजे ३.७३, झालं की जुळलं. दुधाच्या बाजूनंही ताळा करून बघा : हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायचं तर साधारण २९,७०० किलोकॅलरी काढाव्या लागतात, तुमचं मशीन तासाला ९,०७२ काढतं, म्हणजे सव्वातीन तास, टाकीतून आत शिरणारी गरमी धरली तर थोडं जास्तच. एवढ्या टाकीला हे ठीकच आहे.

ही चूक मीही केलीय म्हणून जरा लांबण लावतोय. नवीन नवीन होतो तेव्हा एका शीतगृहाचा ५० टन रेफ्रिजरेशनचा लोड मी कागदावर २३६ एचपी काढून दाखवला होता, अगदी दोनदा गुणून वगैरे. तिथला म्हातारा ऑपरेटर काही बोलला नाही, तेलकट फडक्यानं चालू मोटरची पाटी पुसली आणि बोट ठेवलं, ७५ एचपी.

विकत घेण्याआधी कूलर तासभर दूध नाहीतर पाणी भरून चालवायला लावा आणि वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन सोबत न्या. थ्री फेज ४१५ व्होल्टवर पाचची मोटर फुल लोडला एका फेजला साडेसातच्या आसपास अ‍ॅम्पिअर घेते. तिथे १०-११ दिसले तर कंडेन्सर चोंदलाय, व्होल्टेज पडतंय किंवा मोटरचं वाइंडिंग कधीतरी वाईट भरलेलं आहे, बहुतेक यातलं काहीतरी. दुसरं, मे महिन्याचा विचार आत्ताच करा, कंडेन्सरला गरम हवा मिळाली की अ‍ॅम्पिअर वाढतात आणि थंड करायची ताकद मात्र घटते, दोन्हीकडून मार, तेव्हा युनिट पत्र्याच्या खोलीत कोंडू नका, मागची हवा मोकळी निघू दे. लोड मागताना पाच अधिक पंखे आणि दूध ढवळायची मोटर धरून साडेसातचा मागा, पंधराचा कशाला, न वापरलेल्या मंजूर लोडचेही पैसे भरावे लागू शकतात.

प्रश्न : मुलगा क्वालालंपूरला असतो, तिथे एसी टनात नाही, एचपीत विकतात. आपल्या घरी दीड टनाचा आहे, तर त्यानं दीड एचपीचा घेतला की तेवढाच गारवा मिळेल ना?

उत्तर : नाही हो, कमी मिळेल. तिकडे १ एचपीचा एसी म्हणजे ढोबळमानानं ९,००० बीटीयू, दीडचा म्हणजे १२,००० च्या आसपास, जो आपल्याकडे एक टनाचा म्हणून मिळतो. पूर्वी साधारण एक एचपीचा कॉम्प्रेसर ९,००० बीटीयूचं काम करायचा म्हणून ते नाव पडलं, आता इन्व्हर्टर मशीन तेवढ्याच गारव्याला वीज कमी खातं पण नाव तेच राहिलं. आपला टनही काही मशीनचं वजन नव्हे, २,००० पौंडांचा एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढा वेग म्हणजे एक टन. पौंडाला १४४ बीटीयू धरून गुणा आणि २४ ने भागा, बरोबर १२,०००. मुलाला म्हणावं एचपी-टन दोन्ही सोड, स्टिकरवरचा बीटीयूचा आकडा वाच.

प्रश्न : वेंगुर्ल्यात काजू वाफवायला जुना बॉयलर घेतोय, कागदावर १० बीएचपी आहे. दहाची मोटर चालेल एवढा जनरेटर लागेल का?

उत्तर : हा बी ब्रेकचा (इंजिनाच्या ताकदीत असतो तो) नाही, बॉयलरचा. बॉयलर हॉर्सपॉवर म्हणजे तासाला ३३,४७५ बीटीयू, मोटरच्या एचपीच्या तेरापट, आणि ती बॉयलरमधल्या आगीतून येते, विजेतून नाही. १० बीएचपी म्हणजे तासाला दीडशे-एक किलो वाफ. विजेवर असतात फक्त पाण्याचा फीड पंप आणि ब्लोअर, त्यांच्या पाट्या वाचून बेरीज करा, जनरेटर त्या हिशोबानं घ्या.