नोहाच्या काळचा जलप्रलय खरंच झाला होता का?

बायबलमधल्या गोष्टीत देव पूर आणून सगळी पृथ्वी बुडवतो आणि नोहा तारवात बसून वाचतो. तशी सगळी पृथ्वी एकाच वेळी बुडाल्याचा पुरावा भूगर्भशास्त्राला मिळालेला नाही. पण इराकमधल्या शुरुप्पक या प्राचीन शहरात इसवी सनापूर्वी २९०० च्या आसपासचा पुराचा गाळ सापडलाय. शिवाय १८७२ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथ यांनी वाचलेल्या प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) मातीच्या पाटीवर तारू, डोंगराला टेकलेली नाव, सोडलेलं कबूतर, सगळं नोहासारखंच आहे. मला तरी हे मोठ्या नदीच्या पुराच्या आठवणीतून आलेलं वाटतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या चिकोडी-निपाणी भागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या, तेव्हा गच्चीवरून उसाचे नुसते शेंडे दिसत होते. तिथं उभ्या माणसाला सगळं जगच बुडालं असं वाटणारच! श्रद्धावंतांसाठी मात्र यातलं ‘पुन्हा असा प्रलय आणणार नाही’ हे देवाचं वचन आणि त्याची खूण असलेलं इंद्रधनुष्य महत्त्वाचं, ते गाळ तपासून खोडता येत नाही.