मूळ चित्रं हाती आलीत? आधी एवढं करा

भाऊ, काकांच्या कॉमिकची मूळ पानं सापडली, भारीच! पण लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही. फाटलं तरी सेलोटेप नको. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. नवशिके हमखास इथेच फसतात.

जळगावचा मे म्हणजे पारा ४५च्या आसपास. पत्र्याखालच्या माळ्यावरून पानं आजच खाली आणा. आतल्या खोलीत, कपाटात आडवी ठेवा, मध्ये आम्लमुक्त (अ‍ॅसिड नसलेला) कागद घाला.

मग स्कॅन:
- ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), रंगीत, टिफ फाइल (यात चित्राचा तपशील गळत नाही). काळी-पांढरी पानंसुद्धा रंगीतच. जेपेग व्हॉट्सॅपपुरतं.
- समासातल्या पेन्सिलखुणा खोडू नका. पानांचा क्रम त्यांवरूनच लागतो.
- स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. धुळ्याची बहीण चालेल!

डाग काढणं, रंगदुरुस्ती नंतर बघू.