भाड्याची नऊवारी नको, आजीची सुती साडी काढा

मुलीच्या आठव्या वाढदिवसाला आनंदीबाई जोशींची वेशभूषा, थोडं वाचन आणि चहापान ठेवायचंय, पोशाख भाड्यानं आणावा का, असं विचारलंय तुम्ही. वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीची आमची दुपार आठवली. नका आणू.

केक, पाहुणे तुम्ही बघालच. आमचं सगळं बिघडलं ते पोशाखापायी. आदल्या संध्याकाळी 2000 रुपये अनामत भरून शिवलेली नऊवारी आणली आणि लेकीला घालून पाहिलीच नाही. सकाळी बघते तर कंबर ढगळ. पिना लावून कशीबशी बसवली. मुलं सतरंजीवर बसली, मी हौसेनं कपबशांत खरा चहा ओतला. ही उठायला गेली, काष्टा सुटून पायात आला आणि कप मांडीवर. चहा निवला होता म्हणून भाजलं नाही, पण पोर इतकी रडली की वाचायचं राहूनच गेलं. दुकानदारानं डाग दाखवून सगळी अनामत ठेवून घेतली. पावतीवर डागाबद्दल अक्षर नव्हतं. धुऊन देते म्हटलं, तरी नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. लहान मुलांचे कपडे भाड्यानं देता आणि डाग चालत नाही?

पुढच्या वर्षी आईची जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी कापली. साडेतीन मीटर पुरली. तुमच्या मुलीच्या उंचीप्रमाणे बघा. आतून चड्डी, कमरेला नाडी घट्ट, ओचा-काष्टा नाडीतच खोचायचा. पिन एकच, खांद्यावर. आदल्या दिवशी ती नेसवून तिला दहादा उठा-बसायला लावा. मी काही शिंपी नाही, जमलं तसं सांगतेय. मुलीला काष्टा नकोच असेल तर परकर-पोलकं घाला आणि लग्नाआधीची आनंदीबाई, म्हणजे कल्याणची यमुना करा.

एकटी आनंदीबाई करू नका, मैत्रिणींना काम उरत नाही. 10 ऑक्टोबर 1885 चा फिलाडेल्फियाच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातला फोटो आहे, तिथं शिकणाऱ्या तिघींचा: आपली आनंदीबाई, जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. तो छापून भिंतीवर लावा. किमोनोसाठी सुती गाऊन चालतो, पण डावी बाजू वर घ्या. उजवी वर घेतात ती मृताला नेसवताना. सबातसाठी आम्ही ओढणीला जुने झुमके टाचले.

वाचन आधी, खाणं नंतर. हे माझं मत, पण ठाम आहे. खाणं पुढ्यात आलं की कोणी ऐकत नाही. आनंदीबाईच्या चरित्रातली दोनच पानं घ्या. अमेरिकेला निघण्याआधी, 1883 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं आपण का जातोय ते भरसभेत सांगितलं होतं. तो भाग वाचा आणि वाढदिवसवालीला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. पाठ करून घेऊ नका. आमच्याकडे एकीनं विचारलं, मग ती डॉक्टर होऊन परत आली का? आली, पण 1887 च्या फेब्रुवारीत गेली, बाविशीही पुरी नव्हती. मी खरं तेच सांगितलं. मुलं जरा गप्प झाली, मग पुन्हा फोटोपाशी जाऊन तिच्याकडे बघत उभी राहिली.

चहाऐवजी गवती चहा घालून उकळलेलं दूध द्या, कोमट, अर्धा कपच. आणि चापाची नथ घालणार असाल तर खाण्याआधी काढून ठेवा, आमची दुधात पडली होती.